अर्नेस्ट स्टार्लिंग : हॉर्मोन हा शब्द देणारे शास्त्रज्ञ आणि मूत्रपिंडाचं कोडं

मे महिन्यात नांगरटीला जुंपलेला बैल दिवसभरात फार कमी वेळा लघवी करतो आणि केली तरी ती गडद पिवळी असते. तोच बैल पावसाळ्यात हिरवा चारा खाऊन कितीतरी वेळा पातळ लघवी करतो. खेड्यातल्या मुलांना हे सांगायला पुस्तक लागत नाही, ती रोज बघतात. पण बैलाच्या मूत्रपिंडाला कसं कळतं की आज पाणी जपून वापरायचं? मूत्रपिंडाला ना डोळे, ना जीभ. मग हा निरोप त्याच्यापर्यंत नेतं कोण?

या निरोप्यांना हॉर्मोन हे नाव ज्यांनी दिलं आणि मूत्रपिंडाचं काम समजून घेण्यात ज्यांच्या आयुष्याचा मोठा भाग गेला, त्या अर्नेस्ट हेन्री स्टार्लिंग यांचं चरित्र आज आपण पाहणार आहोत. पाठ्यपुस्तकात आपण हॉर्मोनला संप्रेरक म्हणतो. या लेखात दोन्ही शब्द येतील, गोंधळू नका.

स्टार्लिंग यांचा जन्म १७ एप्रिल १८६६ रोजी लंडनमध्ये झाला. सात भावंडांत ते सर्वांत मोठे. घरची परिस्थिती श्रीमंतीची नव्हती. वडील मॅथ्यू स्टार्लिंग हे बॅरिस्टर होते आणि त्यांची नोकरी कुठे होती माहीत आहे? आपल्या मुंबईत! मुंबईच्या न्यायालयात ते क्लार्क ऑफ द क्राउन या सरकारी पदावर होते. बोटीचा प्रवास लांबचा, त्यामुळे काही वर्षांतून एकदाच ते घरी जात. मुलांना आईनेच वाढवलं. वडील मुंबईत आणि लेकरं लंडनमध्ये, असं ते घर होतं. आपल्याकडे आखातात नोकरीला गेलेल्या बापांची घरं अशीच चालतात, म्हणून मुलांना हा भाग चटकन समजतो.

वयाच्या सोळाव्या वर्षी, म्हणजे १८८२ मध्ये, स्टार्लिंग लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी दाखल झाले. हुशार तर होतेच, पण रोग्याला औषध देण्यापेक्षा हे शरीर चालतं कसं याचीच ओढ त्यांना जास्त. १८८५ मध्ये ते जर्मनीतल्या हायडेलबर्गला जाऊन प्राध्यापक क्यूने यांच्याकडे काही काळ शिकून आले. १८८९ मध्ये डॉक्टर झाले. १८९१ मध्ये त्यांनी फ्लॉरेन्स वूलड्रिज यांच्याशी लग्न केलं. फ्लॉरेन्स या त्यांच्या दिवंगत शिक्षकाच्या पत्नी होत्या. पुढे स्टार्लिंग यांच्या कामात, लिखाणात आणि पैशांच्या व्यवहारात त्यांची मोठी मदत झाली.

गायजमध्ये प्रयोगशाळा नावालाच होती. म्हणून स्टार्लिंग युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये प्राध्यापक शेफर यांच्याकडे जाऊ लागले. तिथे त्यांना विल्यम बेलिस भेटले. बेलिस शांत, सावकाश काम करणारे, घरचे सधन. स्टार्लिंग उतावळे, स्पष्टवक्ते आणि कायम घाईत. तरी दोघांची जोडी अशी जमली की १८९३ मध्ये बेलिस यांनी स्टार्लिंग यांची बहीण गर्ट्रूड हिच्याशी लग्नच केलं. तेव्हापासून दोघे मेहुणे.

आता बघा, त्याच काळात शेफर यांच्या प्रयोगशाळेत एक गंमत घडली. जॉर्ज ऑलिव्हर नावाचे एक डॉक्टर खाटकाकडून मेंढ्यांच्या आणि वासरांच्या अधिवृक्क ग्रंथी आणून त्यांचा अर्क काढत असत. या ग्रंथी मूत्रपिंडाजवळ असतात. मटण कापताना चरबीत दडलेला लहानसा गोळा दिसतो, तोच. हा अर्क प्रयोगातल्या प्राण्याच्या रक्तात सोडताच त्याचा रक्तदाब एकदम चढला. हे साल १८९४. पुढे याच ग्रंथीतून अ‍ॅड्रेनॅलिन वेगळं करण्यात आलं. अ‍ॅड्रेनॅलिन वाढलं की मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि तिथे जाणारं रक्त कमी होतं. कुत्रा मागे लागलेली शेळी पळत असताना तिचं रक्त पायांच्या स्नायूंकडे वळतं आणि मूत्रपिंडाच्या वाट्याला कमी येतं, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

मूत्रपिंडाचा हा वाटा लहान नाही बरं का. दोन्ही मूत्रपिंडांचं वजन शरीराच्या एक टक्क्याहूनही कमी, पण प्राणी शांत असताना हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा एकट्या मूत्रपिंडांकडे जातो. इतकं रक्त त्यांना स्वतःच्या पोटासाठी लागत नाही, ते गाळण्यासाठी लागतं.

गाळण्यासाठी, असं मी सहज लिहून गेलो, पण स्टार्लिंग तरुण होते तेव्हा यावरच मोठा वाद चालू होता. जर्मनीतले लुडविग म्हणत की मूत्रपिंड ही गाळणी आहे, रक्ताच्या दाबाने पाणी गाळलं जातं. हायडेनहाइन म्हणत की नाही, तिथल्या जिवंत पेशी लाळेसारखी लघवी तयार करतात. १८९२ मध्ये स्टार्लिंग ब्रेस्लाऊ शहरात खुद्द हायडेनहाइन यांच्याकडेच काम करायला गेले. विषय होता लसीका, म्हणजे ऊतींमधून वाहणारा पातळ द्रव. तिथे शिकून आले आणि परतल्यावर प्रयोग करून त्यांनी दाखवलं की लसीका बनायला पेशींच्या खास करामतीची गरज नाही, दाबाचा हिशोब पुरेसा आहे. ज्यांच्याकडे शिकलो त्यांच्याच मताविरुद्ध पुरावा मांडायचा, हे सोपं नसतं. पण त्यांनी ते केलं आणि आदर सोडला नाही.

१८९६ मध्ये त्यांनी जे मांडलं ते आज जगभरचे डॉक्टर आणि पशुवैद्य शिकतात. तुम्ही बेदाणे पाण्यात टाकून फुगवायचा प्रयोग केला असेल. बेदाण्याच्या आत साखर दाट असते म्हणून तो पाणी ओढून घेतो. रक्तातली प्रथिनं तेच करतात, ती पाण्याला आत ओढून धरतात. हृदयाचा दाब पाण्याला केशवाहिनीबाहेर ढकलतो आणि प्रथिनं त्याला आत ओढतात. या दोघांची ही रस्सीखेच!

१८९९ मध्ये स्टार्लिंग यांनी हीच रस्सीखेच मूत्रपिंडाला लावली. मूत्रपिंडात ग्लोमेरुलस नावाचे केशवाहिन्यांचे बारीक गुच्छ असतात. तिथे रक्ताचा दाब प्रथिनांच्या ओढीपेक्षा जास्त असेल तरच पाणी गाळलं जाईल. प्रयोगात प्राण्याचा रक्तदाब सुमारे ४० मिलिमीटरपर्यंत उतरला की लघवी थांबते, असं दिसत होतं. ते का, याचं उत्तर आता मिळालं. गुच्छात उरलेला दाब प्रथिनांच्या ओढीवर मात करू शकत नव्हता, म्हणून गाळायला जोरच उरत नव्हता. खूप रक्त गेलेली म्हैस लघवी का करत नाही, हे इथे कळतं. त्याच वर्षी स्टार्लिंग रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि शेफर एडिंबरोला गेल्यावर युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापकही झाले. वय फक्त ३३.

मग आला १६ जानेवारी १९०२ चा दिवस. अन्न जठरातून लहान आतड्यात उतरलं की स्वादुपिंड पाचक रस सोडतं. रशियातले पावलोव्ह हे सगळं मज्जातंतूंचं काम मानत. स्टार्लिंग आणि बेलिस यांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या आतड्याच्या एका तुकड्याचे सगळे मज्जातंतू तोडले आणि त्यात आम्ल टाकलं. मज्जातंतू नाहीत, म्हणजे निरोप जायला नको. तरी स्वादुपिंडातून रस आला! स्टार्लिंग यांनी लगेच त्या आतड्याचं आतलं अस्तर खरवडलं, आम्ल घालून वाळूत घोटलं, गाळलं आणि शिरेतून दिलं. थोड्याच वेळात पुन्हा रस सुरू. निरोप रक्तातून गेला होता. त्या रसायनाला त्यांनी सिक्रिटिन नाव दिलं. १९०५ मध्ये लंडनच्या व्याख्यानांत त्यांनी अशा सगळ्या रासायनिक निरोप्यांसाठी एकच शब्द वापरला, हॉर्मोन. केंब्रिजच्या एका ग्रीक जाणकाराने सुचवलेल्या धातूवरून तो बनला आणि त्याचा अर्थ चेतवणं, कामाला लावणं असा आहे. आज इंजेक्शनच्या बाटलीपासून वर्तमानपत्रापर्यंत हा शब्द सगळीकडे आहे.

आता एक कटू प्रकरण. ते टाळून हे चरित्र लिहिणं मला बरोबर वाटत नाही. डिसेंबर १९०२ मध्ये स्टार्लिंग यांनी एका तपकिरी कुत्र्यावर शस्त्रक्रिया केली. फेब्रुवारी १९०३ मध्ये तोच कुत्रा विद्यार्थ्यांसमोरच्या प्रात्यक्षिकासाठी बेलिस यांनी वापरला. वर्गात दोन स्वीडिश महिला बसल्या होत्या. कुत्र्याला नीट भूल दिलेली नव्हती, असं त्यांनी लिहून जाहीर केलं. प्राणिप्रयोगांच्या विरोधकांचे पुढारी स्टीफन कोलरिज यांनी ते भाषणात सांगितलं. बेलिस यांनी बदनामीचा खटला भरला आणि जिंकला, २,००० पौंड भरपाई मिळाली, ती त्यांनी कॉलेजातल्या संशोधनाला दिली. पण खटल्यात स्टार्लिंग यांनी शपथेवर कबूल केलं की एकच प्राणी दुसऱ्यांदा वापरून कायदा मोडला गेला, दुसरा कुत्रा मारावा लागू नये म्हणून तसं केलं. पुढे १९०६ मध्ये लंडनच्या बॅटरसी भागात त्या कुत्र्याचा पुतळा उभा राहिला, १९०७ मध्ये त्यावरून रस्त्यावर दंगे झाले आणि १९१० मध्ये पुतळा हलवण्यात आला. मुलं हा भाग ऐकताना गप्प होतात, आणि गप्प व्हायलाच हवं. आज आपण ज्या ज्ञानावर गाईला सलाईन लावतो, त्यासाठी मुक्या जनावरांनी काय मोजलं आहे हे त्यांना माहीत असावं.

पहिल्या महायुद्धात स्टार्लिंग विषारी वायूपासून सैनिकांच्या बचावाचं काम करत होते. वरिष्ठ अधिकाऱ्यांना विज्ञान कळत नाही, हे त्यांनी तोंडावर सांगितलं. परिणाम ठरलेला. त्यांना दूर सालोनिकाला पाठवण्यात आलं. परत आल्यावर त्यांनी रॉयल सोसायटीच्या अन्न समितीत काम केलं. युद्धकाळात धान्य जनावरांना घालायचं की माणसांनी खायचं, असले अवघड हिशोब तिथे होत. त्यांना सर हा किताब कधी मिळाला नाही, नोबेलही नाही. सिक्रिटिन शोधणाऱ्याला नोबेल नाही, हे मला तरी पटत नाही.

१९२० मध्ये त्यांना आतड्याचा कर्करोग झाला. मोठी शस्त्रक्रिया झाली. दुसरा कोणी घरी बसला असता. स्टार्लिंग पुन्हा मूत्रपिंडाकडे वळले, तरुणपणी अर्धवट राहिलेल्या कोड्याकडे.

कोडं काय होतं? मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियूषिका ग्रंथी असते. तिचा अर्क त्या काळी बहुधा कत्तलखान्यातून आणलेल्या गाई-बैलांच्या ग्रंथीपासून बनवत. १९०१ मध्ये शेफर आणि माग्नुस यांनी तो भूल दिलेल्या प्राण्याला दिला, तर मूत्रपिंड रक्ताने फुगलं आणि लघवी वाढली. पण १९१३ मध्ये सारखी लघवी होणाऱ्या रोग्यांना डॉक्टरांनी तोच अर्क दिला, तर लघवी घटली! एकच अर्क आणि दोन उलट परिणाम, मग खरं काय? संपूर्ण प्राण्यात हे सुटणं कठीण, कारण रक्तदाब, मज्जातंतू, इतर ग्रंथी सगळं एकाच वेळी बदलतं.

स्टार्लिंग आणि त्यांचे तरुण सहकारी अर्नेस्ट व्हर्नी यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड शरीराबाहेर काढून जिवंत ठेवलं. त्याला रक्त पुरवायला वेगळं केलेलं हृदय आणि फुप्फुस जोडलं. हे तंत्र स्टार्लिंग यांनी हृदयाच्या अभ्यासासाठी आधीच बसवलं होतं. असं एकटं पडलेलं मूत्रपिंड धो धो पातळ लघवी करू लागलं, तिच्यात मीठ जवळजवळ नाही. मग रक्तात पियूषिकेचा थोडासा अर्क घातला. लघवी कमी झाली आणि मिठाचं प्रमाण वाढलं. रक्तप्रवाह बदलला म्हणून एवढा फरक पडला असं म्हणता येत नव्हतं. नलिका गाळलेलं पाणी परत घेत होत्या. नलिकांच्या पेशी विषाने बंद पाडल्या, तर गाळलेलं पाणी जवळजवळ जसंच्या तसं बाहेर आलं. म्हणजे लुडविगही बरोबर आणि थोडे हायडेनहाइनही. ग्लोमेरुलस गाळतो, पण नंतर जिवंत पेशी काम करतात. हा निबंध १९२५ मध्ये छापून आला.

मला या प्रयोगातली मोठी गोष्ट ही वाटते की शरीरापासून तोडलेलं मूत्रपिंड मरत नाही, फक्त त्याला अंदाज राहत नाही. पाणी वाचवायचं ते विसरतं. अंदाज त्याला रक्तातून येणारा निरोप देतो.

दोनच वर्षांनी, प्रकृतीला आराम म्हणून, स्टार्लिंग वेस्ट इंडीजकडे जाणाऱ्या बोटीने एकटेच निघाले. २ मे १९२७ रोजी जमैकाच्या किंग्स्टन बंदराजवळ बोटीवरच त्यांचं निधन झालं. वय ६१. तिथेच त्यांना पुरलं.

त्यांच्यामागे काम जनावरांपर्यंत पोहोचलं, आणि इथून पुढचं शेतकऱ्यांच्या मुलांनी नीट वाचा. पियूषिकेतल्या त्या संप्रेरकाला आता व्हॅसोप्रेसिन म्हणतात. अमेरिकेतले द्यू व्हिन्यो यांनी १९५० च्या दशकात त्याची रचना उलगडली, तेव्हा दिसलं की गाईच्या आणि डुकराच्या व्हॅसोप्रेसिनमध्ये एका अमिनो आम्लाचा फरक आहे. गाईत आर्जिनिन, डुकरात लायसिन. ते जास्त प्रमाणात आलं की नलिकांना पाणी घ्यायला लावतंच, शिवाय रक्तवाहिन्याही आवळतं आणि मूत्रपिंडाच्या आतल्या गाभ्यातला रक्तप्रवाह मंद करतं.

दुसरा निरोप मूत्रपिंड स्वतःच धाडतं. १८९८ मध्ये स्टॉकहोममध्ये टिगरस्टेट आणि बेर्गमान यांनी सशाच्या मूत्रपिंडाच्या अर्कात रक्तदाब वाढवणारा पदार्थ शोधला, रेनिन. स्टार्लिंग यांच्या हयातीत त्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. जनावराला जुलाब झाले, पाणी मिळालं नाही, मूत्रपिंडाला रक्त कमी पडलं, की मूत्रपिंड रेनिन सोडतं. त्यापासून अँजिओटेन्सिन बनतं. ते ग्लोमेरुलसमधून बाहेर जाणारी बारीक रोहिणी जास्त आवळतं. पाइपाचं पुढचं तोंड दाबलं की मागे दाब वाढतो ना, तसंच. एकूण रक्त कमी वाहतं, पण गाळायचा दाब टिकतो. शिवाय अधिवृक्क ग्रंथीतून अल्डोस्टेरोन सुटतं, ते मीठ राखून ठेवतं. चाऱ्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असतं, म्हणून चरणाऱ्या जनावराला याची फार गरज. गोठ्यात मिठाचा खडा ठेवतात तो याचसाठी.

आणि या आवळण्यावर लगाम ठेवायला मूत्रपिंडातच प्रोस्टाग्लँडिन नावाचे स्थानिक संप्रेरक तयार होतात, ते रक्तवाहिन्या थोड्या सैल ठेवतात. बरीच वेदनाशामक औषधं नेमकी हीच प्रोस्टाग्लँडिन बंद करतात. म्हणून जुलाबाने सुकलेल्या वासराला पाणी-सलाईन न देता कुणाच्या सांगण्यावरून वेदनाशामक टोचलं, तर मूत्रपिंड रक्ताविना पडू शकतं. पशुवैद्याला विचारल्याशिवाय ते करू नका. डायक्लोफेनॅक हे असंच एक औषध. ते दिलेल्या मेलेल्या गुरांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली, आणि २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली.

व्हर्नी यांनी पुढे दाखवलं की रक्त जरा खारट झालं की मेंदूला ते समजतं आणि पियूषिका निरोप सोडते. मग १९५० च्या दशकात स्वीडनमध्ये बेंग्ट अँडरसन यांनी शेळ्यांवर प्रयोग केला. मेंदूच्या त्या ठरावीक जागी खारट पाण्याचा अगदी थोडासा थेंब सोडला. पोटभर पाणी प्यायलेली शेळी मिनिटा-दोन मिनिटांत उठून पुन्हा कितीतरी लिटर पाणी प्यायली.